लाल गोलातला नंबर

आज सकाळी खिडकी उघडली आणि पहिला श्वास घशातच अडकला. समोरचा ब्लॉक दिसत होता, त्याच्या मागचे दोन गायब. समुद्रापलीकडे कुणीतरी रानं पेटवतं, वारा फिरतो आणि त्यांचा धूर न बोलावता आमच्या घरात येऊन बसतो. सिंगापूरला याला हेज म्हणतात. नाव मोठं नाजूक, पण डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं. माझी मुलगी ईरा फोनवर हवेचा आकडा बघून ओरडली, "मम्मी, सो हाय! टुडे पीई शुअर कॅन्सल लाह." आणि खेळाचा तास बुडणार या खुशीत अंघोळीला गेली. मी खिडकी लावली, कडी घातली आणि तिथंच उभी राहिले.

इथल्या लोकांना या धुरात जळक्या लाकडाचा, पालापाचोळ्याचा असा काहीबाही वास येतो. मला फौंड्रीचा येतो. काळी वाळू, कोळसा, तापलेलं लोखंड आणि त्या सगळ्यात घामाने निथळणारा माझा बाप. हेजचा असाच एक मोसम होता. ईरा तेव्हा अकरा वर्षांची होती, आबा आमच्याकडे सेरंगूनला राहायला आले होते, आणि माझ्या घरात हात उठला. कुणाचा, तेच सांगायला बसले आहे.

आबा कोल्हापूरला उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे भरायचे, पुढे मुकादम झाले. लोखंडाचा रस ओतताना मी त्यांना पाहिलंय. साच्याची वाळू जरा ओली राहिली की रस उसळून माणसाच्या अंगावर येतो. त्यांच्या डाव्या दंडावर असे सात डाग होते. अशा जागी चुकीला माफी नसते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी घरीही आणलं. साचा चुकला की कारागिराच्या कानाखाली. आमटीत मीठ चुकलं की आईच्या. माझं गणित चुकलं की माझ्या. मारून झालं की शांतपणे जेवायला बसायचे आणि वर म्हणायचे, "चुकलं की बसतीच." एकदा आईचा ओठ फुटला होता, तरी त्याच ओठाने ती चुलीत फुंकर घालत होती. मी नऊ वर्षांची होते, दाराशी उभी होते. हा माणूस एक दिवस भट्टीत पडावा, असं मला मनापासून वाटलं होतं.

आई गेली आणि मी त्यांना इकडे बोलावलं. प्रेमाने बोलावलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. निम्मं कारण लोकलाज, आणि उरलेलं निम्मं काय ते मला अजून कळलेलं नाही. फोनवर अट मात्र स्पष्ट घातली. "माझ्या घरात हात उठवायचा नाही. ईरावर नाही, कुणावरच नाही. ज्याचा हात उठेल त्याने त्याच दिवशी घराबाहेर व्हायचं." ईरा शेजारी बसून ऐकत होती. पलीकडून आबा म्हणाले, "बरं. न्हाई उठवत." त्यांनी तो शब्द पाळला, हे इथंच लिहून ठेवते.

मी वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत धातू तपासते. तुटलेला बोल्ट, चिरलेला पाइप माझ्या टेबलावर येतो आणि तो कशाने मेला ते मी सांगते. फावल्या वेळात बाकीच्या बायका ऑर्किड लावतात, मी जुन्या गाड्यांची मॅनिफोल्डं ओळखते. हसा खुशाल, नवराही हसतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन दांडग्या गाड्या असतात ना, ज्यांना मसल कार म्हणतात, त्यांच्या इंजिनात आठ सिलिंडर. चार या अंगाला, चार त्या अंगाला. मधल्या घळीत बसतं ते इनटेक मॅनिफोल्ड. वर कार्बोरेटर, तिथून हवा आणि पेट्रोल या लोखंडी वाटांनी आठही सिलिंडरांत खेचलं जातं, दाबलं जातं आणि पेटवलं जातं. इंजिन म्हणजे बांधून घातलेला स्फोट, दुसरं काही नाही. मला ते का आवडतं हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

वरवर बघितलं तर सगळी मॅनिफोल्डं सारखीच, पालथ्या खेकड्यासारखी. पण कारखान्याने दर वर्षी, दर ताकदीच्या इंजिनाला निराळं ओतलेलं असतं. आधी उचलून बघायचं. बिडाचं असेल तर कंबर सांगते, अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर फारसा जोर लागत नाही. मग वरची चार भोकं बघायची, चारही सारखी की पुढची दोन लहान आणि मागची दोन मोठी. मग खालच्या वाटांची तोंडं. लंबगोल असतील तर इंजिन साधं, उंच चौकोनी असतील तर राक्षस. आणि मग नंबर. तो ओततानाच उठवलेला असतो आणि जवळच तारीख असते, महिन्याचं एक अक्षर, दिवस आणि वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. सात म्हणजे सदुसष्ट की सत्त्याहत्तर, हे तारीख सांगत नाही, ते मॅनिफोल्डच्या अंगावरून ओळखावं लागतं. पुढच्या काळात धूर कमी करणारी एक झडप आली, तिच्यासाठी वर एक उंचवटा ओतायला लागले. उंचवटा असला की मागाहूनचं, नसला की जुनं. एवढं सगळं जुळलं, की मला गर्दीत आपला माणूस दिसल्याचा आनंद होतो.

अंकल सेंगची आणि माझी ओळख यातूनच झाली. सत्तरीचे गृहस्थ, जहाजांची इंजिनं उघडण्यात आयुष्य गेलेलं, काकी बुकितला त्यांची शेड. त्यांचा थोरला भाऊ जहाजावर होता. डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी इथल्या रस्त्यावर आणणं कठीण, म्हणून त्याने अमेरिकेतून गाडीचं नुसतं इंजिन आणलं, स्टँडवर चढवलं, आणि ते सुरू व्हायच्या आत तो गेला. त्या इंजिनावरचं मॅनिफोल्ड कुणीतरी बदललेलं होतं, उंचवट्याचं, दहा वर्षं मागाहूनचं. मूळ नंबराचं, इंजिनाच्याच महिन्यात ओतलेलं मॅनिफोल्ड अंकल सहा वर्षं शोधत होते. त्या हेजमध्ये ते अमेरिकेतल्या भंगारातून आलं. त्यांनी दोन्ही मॅनिफोल्डं माझ्या ट्रॉलीवर चढवली आणि म्हणाले, "यू चेक प्रॉपरली हां. डोंट अनीहाऊ से. यू से रिअल, आय बिलीव्ह."

घरी खिडक्या बंद. नवरा कामासाठी महिनाभर बाहेरगावी. आबांना आल्यापासून धड खाली जाता आलं नव्हतं. सकाळी उठून बाहेर बघायचे, पांढरं दिसलं की वळायचे. हॉल ते किचन, किचन ते हॉल. "सुमे, काम दे कायतरी. हात नुसते खाजाय लागल्यात." मी म्हटलं, "हात खाजवायला नाही आणलं तुम्हाला इथे." ते पुन्हा किचनकडे वळले. मला असं तोडून बोलायला मजा येत होती, हे तेव्हा कळत नव्हतं.

मी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र घालून दोन्ही मॅनिफोल्डं शेजारी शेजारी मांडली आणि आबा आपसूक जवळ आले. त्यांनी तळहात फिरवला. "बेस ओतलंय. हितं साचा जोडलाय बघ, ही रेघ. आन् हितं आतला गाभा बसवलावता." मागाहूनच्या मॅनिफोल्डवर टिचकी मारून म्हणाले, "हे घाईत केलंय. वाळू खाल्ली हाय हितं." मी टॉर्च धरला, ते दाखवत गेले. ईरा खुर्चीवर गुडघे टेकून बघत होती. "आजोबा, यू नो एव्हरीथिंग लाह!" आबांना इंग्रजी कळत नाही, पण ते लाजले. आम्ही दोघं एकाच वस्तूवर वाकलेले, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. भोकं जुळली, तोंडं जुळली, उंचवटा नव्हता, आणि तारखेचा महिना इंजिनाचाच निघाला. मी लाल मार्करने त्या मूळ मॅनिफोल्डच्या नंबर आणि तारखेभोवती गोल काढला आणि अंकलना फोटो पाठवला. त्या रात्री झोपताना मला वाटलं, जमतंय. हा माणूस माझ्या घरात राहू शकेल.

दुसऱ्या दिवशी कामावरून सहाला परत आले. किचनच्या मागच्या बाजूला, कपडे वाळत घालतो तिथं, आबा पाय पसरून बसले होते. नाकातोंडाला ओला रुमाल. मांडीशी त्यांची छिन्नी आणि कानस. ती हत्यारं त्यांनी कोल्हापूरहून धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणली होती, हे मला माहीतच नव्हतं. सगळीकडे काळा भुगा. आणि मधे अंकलनी सहा वर्षं शोधलेलं ते मॅनिफोल्ड. नंबर होता तिथली जागा घासून आरशासारखी केलेली. तारीखही गेलेली. आबांनी रुमाल खाली ओढला आणि हसले. "घे. दिवस गेला बघ पार, पन झालं."

मी मारलं. त्यांच्या डाव्या गालावर, सगळी ताकद लावून. चष्मा उडून वॉशिंग मशीनखाली गेला. "मी काय सांगितलो होतो तुम्हाला! हात लावायचा नाही म्हणून सांगितलो होतो!" रागात माझी पुण्यात शिकताना चढलेली पॉलिश निघते आणि खालची कोल्हापुरी दिसते. तसं मी काहीही सांगितलेलं नव्हतं. ते भिंतीला धरून उठायला लागले, आणि ते अर्धवट उठलेले असताना मी दुसरी मारली. पहिली रागाची होती असं म्हणता येईल. दुसरी मी नेम धरून मारली. आईच्या नावाने मारली, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते. तेही खोटं आहे. आई त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतीच.

ईरा शाळेच्या गणवेशात दारात उभी होती.

आबा खाली बसले. गालाला हात लावला नाही. म्हणाले, "लाल गोल तूच मारलीस की, पोरी. मला वाटलं काम ठिवून गेलीस. म्हनून उडवला नंबर. घण न्हाई तुज्याकडं, न्हाईतर फोडून पन ठिवलं असतं."

मग मला आठवलं. त्यांच्या फौंड्रीत माल परत आला, की तपासणारा नंबराभोवती लाल गोल करायचा. गोल म्हणजे बाद. बाद मालाचा नंबर छिन्नीने उडवायचा, कुणी तो पुन्हा चांगल्या ढिगात सरकवू नये म्हणून. मग घणाने फोडून परत भट्टीत. शाळेला सुट्टी असली की रंगाचा डबा माझ्याच हातात असायचा. आबा बोट दाखवायचे, मी गोल करायचे. ही रीत अख्ख्या सिंगापुरात दोनच माणसांना ठाऊक होती, आणि दोघंही त्या किचनमध्ये होती. गोल मीच काढला होता, कशासाठी ते आबांना सांगितलं नव्हतं, आणि सकाळी तो न पुसता कामावर गेले होते.

ते हाताने चाचपडत चष्मा शोधायला लागले. मशीनखालून काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर लावला. एका बाजूची काडी वाकली होती. कसलाही राग नसलेल्या आवाजात म्हणाले, "चुकलं की बसतीच."

ईराने विचारलं, "मम्मी, यू सेड हूएवर हिट्स मस्ट गो. सो नाऊ यू मस्ट गो, इज इट?" ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच नियम माहीत करून घ्यायचा होता. मी तिला खोलीत जायला सांगितलं आणि ती पळाली.

पुढचे दोन दिवस मी त्या घासलेल्या जागेकडे बघत होते. माझ्या धंद्यात घासलेले नंबर परत काढता येतात, पण फक्त ठोकलेले. पंच मारून ठोकलेला नंबर कितीही घासा, घाव खालच्या धातूत उतरलेला असतो. वर आम्ल लावलं की तो पुन्हा डोकं वर काढतो. ओतलेल्या नंबराचं तसं नाही. तो अंगाबरोबरच जन्मतो, घासला की संपतो, खाली काही उरत नाही. प्रयोगशाळेत मी हे नव्या मुलांना शंभरदा शिकवलंय. त्या दोन दिवसांत मला आईचा ओठ आठवला, आबांच्या कारागिरांचे कान आठवले, माझी पाठ आठवली. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी शिकले, देश सोडला, ते सगळं घासून टाकलं.

अंकल सेंगकडे आबांना घेऊन गेले. का नेलं, याचं उत्तर बरं नाही. शिव्या एकटीने खायची हिंमत नव्हती. अंकलनी त्या जागेवर अंगठा फिरवला, परत फिरवला. मग हातातला पाना भिंतीवर असा फेकला, की पत्रा फाटला. "हू डू धिस? हू?" मी म्हटलं, "माय फादर." लाल गोलाचं बोलले नाही. अंकल आबांसमोर आले, छातीत बोट खुपसून त्यांच्या भाषेत ओरडत राहिले, प्रत्येक शब्दाला एक बोट. आबांना एक अक्षर कळत नव्हतं. ते हात जोडून उभे होते आणि प्रत्येक बोटासरशी इंचभर मागे सरकत होते. मी बाजूला पर्स धरून उभी होते. मला दोन वाक्यं बोलायची होती. बोलले नाही. अंकलनी त्यानंतर मला ओळखायला म्हणून कधी कुठल्या मॅनिफोल्डचा फोटो पाठवला नाही.

त्या दिवसापासून आबा बदलले. सकाळी खोलीच्या दारात येऊन विचारायचे, "अंघोळीला जाऊ का?" "टीवी लावू का?" "ही चपाती घिऊ का?" सुरुवातीला मी चिडायचे, कशाला विचारता म्हणायचे. ते "बरं" म्हणायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचे. फौंड्रीतले मार खाल्लेले कारागीर त्यांच्यासमोर असेच उभे राहायचे. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेलं ते आता स्वतः तंतोतंत करत होते, आणि मी मुकादम झाले होते.

एका दुपारी ते म्हणाले, "जरा खाली जाऊन येऊ का? आज धूर कमी हाय." खरंच कमी होता. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "नको." काही कारण नव्हतं. म्हणून बघितलं, काय होतं ते. ते गुमान सोफ्यावर जाऊन बसले, हात मांडीवर ठेवून.

आणि मला बरं वाटलं. अंगभर, गरम, तृप्त असं बरं वाटलं. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, कुणालाच नाही. मारून झाल्यावर आबा इतक्या शांतपणे कसे जेवायचे, हे मला चाळीस वर्षं पडलेलं कोडं होतं. ते त्या दुपारी सुटलं. मी अर्धा तास तशीच काम करत राहिले आणि कामही छान झालं.

मुक्काम संपायला महिना बाकी होता, पण त्यांनीच विचारलं, "गावाकडं जाऊ का?" मी तिकीट काढलं. हात माझा उठला आणि विमानात ते बसले. विमानतळावर ईरा त्यांच्या कमरेला मिठी मारून रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवण्याआधी माझ्याकडे बघितलं.

नवरा परत आल्यावर म्हणाला, आबा किती निवळलेत गं, फोनवरसुद्धा कळतं. सगळेच म्हणतात. चुलतभाऊ म्हणतो, सिंगापूर मानवलं म्हाताऱ्याला. शेजारी कुणी गाणी मोठ्याने लावली तरी ते काही बोलत नाहीत. मोलकरणीच्या हातून कप फुटला तर स्वतः वेचतात. गाव खूश आहे.

आज ईरा शाळेत गेल्यावर मी त्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. माझा फोन ते नेहमी पहिल्याच रिंगला उचलतात.

"आबा, इकडे परत हेज आलंय."

"व्हय का? काळजी घ्या."

"तुम्ही जेवलात?"

"जेवलो की. भाकरी खाल्ली." आणि मग, "चालतंय न्हवं?"

मी खिडकीकडे बघत होते. समोरचा ब्लॉकही आता दिसेनासा झाला होता. म्हटलं, "आबा, ते मॅनिफोल्ड. चूक माझी होती. गोल मी काढला होता, पुसला नव्हता. त्या अंकलसमोरही मी गप्प बसले. तुमची काही चूक नव्हती."

"न्हाई, न्हाई. माझीच. इचारायला पायजे होतं मी."

"नव्हती म्हणते ना!" माझा आवाज चढला, आणि पलीकडे त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मी आवाज खाली आणला. "आबा, मला शिवी द्या. पूर्वी द्यायचात तशी. बापाला मारलंस, सटवे, असं म्हणा. काहीही म्हणा. एकदा मोठ्याने ओरडा माझ्यावर."

पलीकडे रस्त्यावरची रिक्षा वाजली, कुत्रं भुंकलं. ते पुटपुटले, "रागावू नगंस, पोरी. त्ये न्हाई व्हायचं आता माझ्याच्यानं." आणि मग, "फोन ठिवू का?"

मी बोललेच नाही. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. ते कानाला फोन लावून तसेच बसून होते. मी सांगितल्याशिवाय ते ठेवणार नव्हते.

"ठेवा," मी म्हटलं, आणि त्यांनी लगेच ठेवला.